पाठकोरे कागद

लातूर, १२ जून २०२४

चि. सौ. मुग्धा हिस विनीताचे आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिताना हात जरा अडखळला. पण तू पत्रात मला 'ताई' म्हटलंयस, तेव्हा दुसरं काय लिहायचं? नवऱ्याची आधीची बायको नात्यानं आपली कोण लागते, असं मी इथं मेसमधल्या बायकांना विचारून पाहिलं. कुणालाच सांगता आलं नाही.

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसले. लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोच तू विचारतेस, एवढ्याशा तेलात तुम्ही महिना कसा काढत होतात? म्हणजे अजून तसंच चालू आहे. पहिल्या तारखेला मोंढ्याच्या बाजारातून स्कूटरवर पिशव्या यायच्या, ओट्यावर सगळं मांडायचं आणि बोट दाखवून सांगायचं, 'हे महिन्याचं.' मधे काही मागितलं की यज्ञेशराव ओरडत नाहीत, हात उगारत नाहीत, नुसते आपल्याकडे बघत राहतात. त्या बघण्यानं माझी साखर मागायची सवय पहिल्याच वर्षी मोडली.

फोनवर काही बोलली नाहीस हे चांगलं केलंस. तो फोन तपासतो. मी पत्रं सरजाबाईच्या पत्त्यावर टाकत जाईन. ती भाजीची गाडी घेऊन दारात आली की मेथीच्या जुडीत खोचून देईल. माझ्या वेळेपासून ती विश्वासाची आहे. वाचून झालं की पत्र जाळून टाकायचं.

आता तेलाचं. डब्यातून सरळ कढईत कधीच ओतायचं नाही. लोखंडी पळीत फोडणी करायची आणि भाजी शिजल्यावर वरून घालायची. निम्म्या तेलात तवंग दिसतो, आणि त्याला तवंगच बघायचा असतो. रोज वरण करू नकोस. येसर करून ठेव. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, मसाला, सगळं भाजून दळायचं. दोन चमचे पाण्यात कालवून उकळलं की डाळ न शिजवता आमटी होते. अंबाडीच्या भाजीत डाळीऐवजी ज्वारीच्या कण्या घाल. पोळ्या त्याच्यापुरत्या, तू आणि माझी उजू भाकरी खा.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी तो एकेक डबा उघडून आत बघेल. घाबरायचं नाही. डब्यात उरलेलं दिसलं की त्याचा चेहरा खुलतो. त्याला खूश करायचा दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही.

आता माझं काम. उजू. तिला सोडून कशी आलीस, असं मला लोक विचारतात. घटस्फोटाच्या सह्या झाल्या तेव्हा मला राहायला घर नव्हतं आणि हाताला काम नव्हतं. यज्ञेशरावांनी हिशेब मांडला होता. पोरगी माझ्याकडे दिली तर दर महिन्याला पोटगी, घरात ठेवली तर नुसती भाकरी. म्हणून ठेवली. तिचं नावसुद्धा असंच ठेवलं. पाळण्यावर आत्याचं 'उज्ज्वला' आधीच रंगवलेलं होतं, पुन्हा रंगाचा खर्च कशाला. मला माझी पोरगी परत पाहिजे, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. इथं सिद्धम्माच्या मेसमध्ये स्वयंपाक करते, ट्यूशनची पोरं जेवायला येतात, मागची खोली तिनं मला राहायला दिली आहे. आता एका लेकराला ठेवण्यापुरतं माझ्याकडे आहे.

तोवर एकच कर. सकाळी उजूला ग्लासभर दूध असतं. त्या दुधाला हात लावू नकोस. बाकी वाट्टेल ते कमी कर.

तुझी,
विनीताताई


लातूर, २५ ऑगस्ट २०२४

चि. मुग्धास,

येसर जमलं, आमटी आवडली, आणि यज्ञेशराव तुला 'घर कळतं हं तुला' म्हणाले. मला हे वाक्य अकरा वर्षांत मिळालं नाही आणि तुला पाच महिन्यांत मिळालं. रागावू नकोस, थट्टा करतेय.

डब्यात डाळ आणि शेंगदाणे उरले हेही वाचलं. छान. उरवत राहा. जितकं दिसेल तितकं त्याला समाधान.

डाळ शिजवायच्या आधी भिजवतेस ना? गॅस वाचतो. गव्हाच्या कोंड्याच्या थालीपिठात कालची भाजी खपते. आणि घरात कागद टाकू नकोस. त्याच्या ऑफिसातले, शाळेच्या सूचनांचे, लग्नपत्रिकांचे, जेवढे पाठकोरे कागद असतील तेवढे फाडून, सुई-दोऱ्यानं टाचून उजूला गणितं करायला दे. वहीचा खर्च वाचला की तो खूश. मी तसंच करायची. मी हे जे लिहितेय ते मेसच्या पॅडचे कागद आहेत, पातळ. शाई मागे उमटते म्हणून एकाच बाजूला लिहिते. सिद्धम्मा बघून हसते, म्हणते तुझी पत्रं महाग पडतात.

उजूचं तू पानभर लिहिलंस. तिची वेणी घालतेस, उवा काढल्यास, ती तुला मावशी म्हणते, रात्री तुझ्याजवळ झोपते. वाचून बरं वाटलं. हेच वाक्य मी दोनदा लिहून खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं आहे.

विनीताताई


लातूर, १० नोव्हेंबर २०२४

मुग्धा,

दिवाळीच्या सुटीत उजू आठ दिवस माझ्याकडे यायची, हे कागदावर ठरलेलं आहे. यज्ञेशरावांनी एसटीच्या भाड्याचं कारण काढलं म्हणून मीच नांदेडला आले. ते तू बघितलंसच. तो जाळीच्या दारापर्यंत आला, 'आता तिची शाळा सुरू होईल' म्हणाला आणि आत निघून गेला. दार उघडलंसुद्धा नाही. तू पाणी घेऊन बाहेर आलीस. ज्या तांब्यातून दिलंस तो माझ्या माहेरचा आहे.

उजू तुझ्या पदराआड उभी होती. मी हात पुढे केला तेव्हा ती माझ्याकडे निघाली, पण आधी तिनं मान वर करून तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस तेव्हा आली. मुग्धा, तू चांगल्या मनानं हलवलीस, मला माहीत आहे. मी मरेपर्यंत ते विसरणार नाही.

मी तुला म्हटलं, तू त्याच्याकडे शब्द टाक, पोरगी मला द्या म्हण, तुझा संसार नवीन आहे, तुला कशाला दुसऱ्याचं लेकरू. त्यावर तू काय म्हणालीस? 'ताई, मला ती जड नाही. तुम्ही अजिबात काळजी करू नका.'

मला धीर द्यायलाच म्हणालीस. परतीच्या गाडीत मी लोह्यापर्यंत रडले. अहमदपूर आलं तेव्हा डोळे पुसून विचार करायला लागले. उजू त्याला जड नाही, तुला जड नाही, मग ती त्या घरातून हलणार कशी?

तुला ती जड नाही कारण तू कधी तोलून बघितलं नाहीस. एक करून बघ, गंमत म्हणून. महिनाभर उजूचा डबा वेगळा काढ. ती खाते ते शेंगदाणे, गूळ, तूप, तिची साखर, सगळं पहिल्या तारखेलाच त्या डब्यात घाल, त्यावर तिचं नाव लिही, आणि तिचं त्यातूनच दे. एका वाढत्या लेकराला किती लागतं ते डोळ्यांना दिसतं. एरवी सगळ्यांच्यात मिसळून जातं. डबा संपला की तो त्यालाही दाखव. नुसता दाखव, बोलू नकोस काही.

माझ्यावर रागावू नकोस. किराणा वाचवायचा तर आधी तो कुठं जातो ते कळायला हवं.

विनीताताई


लातूर, १८ जानेवारी २०२५

मुग्धा,

गोड बातमी वाचली. तिसरा महिना म्हणजे आता उलट्या असतील. सुंठ चघळ.

पण पत्राचा पुढचा भाग वाचून वाईट वाटलं. दर महिन्याला किराणा थोडा थोडा कमी येतोय म्हणतेस. डाळ कमी, तेल कमी, शेंगदाणे तर निम्म्यावर. तू विचारतेस, ताई, तुमच्या वेळीही असं होत होतं का? नाही गं. माझ्या वेळी नव्हतं असं. तुझ्यावर भरवसा बसला असेल. ही थोडक्यात भागवू शकते असं त्याला वाटत असेल. मानाचीच गोष्ट म्हण.

उजूच्या डब्याचंही लिहिलंस. वीस तारखेला तो रिकामा होतो आणि उरलेले दिवस तू तुझ्यातलं देतेस. एवढं एवढंसं पोर इतकं खातं असं कधी वाटलं नव्हतं, असं तुझ्याच अक्षरात लिहिलं आहेस. बघ, वेगळा काढल्यावर दिसलं ना.

आता तुझी अवस्था बघ. पोटात जीव वाढतोय, डॉक्टरबाई दूध प्या म्हणतात, आणि दूधवाला फक्त तेवढाच एक ग्लास घालतो. दूध वाढवून मागितलं तर तो नुसता बघत राहील. मग कुणाचं कमी करायचं? मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, उजूच्या दुधाला हात लावू नकोस. ते मी आता मागे घेते. तिचं दूध बंद कर. मी तिची आई सांगते. ती नऊ संपून दहात जाईल, दात आले, हाडं झाली, तिला आता भाकरी पुरे. तो ग्लास तू पी. मनाला लावून घ्यायचं नाही.

आणि तरीही भागेना, तर यज्ञेशरावांच्या कानावर हळूच एक घाल. म्हणावं, विनीताताई पोटगी न मागता न्यायला तयार आहेत. शाळेची फी नको, कपडालत्ता नको. स्टॅम्प पेपरवर लिहून देतात. पण हे तुझ्या तोंडून जायला हवं. मी म्हटलं की त्याला त्यात डाव दिसतो.

जपून राहा.

विनीताताई


लातूर, ९ मार्च २०२५

मुग्धा,

सरजाबाईचा फोन आला होता. ती म्हणाली, 'ताई, तुमची उजू माझ्या गाडीपाशी येऊन उभी ऱ्हायली. काल न धुतलेलं गाजर खाऊन राहिली होती. भाकर दिली तर अर्धी खाल्ली अन् अर्धी दप्तरात ठेवली. लई वाळली हो पोरगी. रोज देत जाऊ का?'

मी म्हटलं, देऊ नका.

तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. मग ती म्हणाली, 'तुमचीच हाय न्हवं ती?'

तुलाही हे सांगून ठेवते, म्हणजे सरजाबाईनं बोलून दाखवलं तर तुला नवल वाटायला नको. बाहेर पोट भरलं की पोरगी घरात मागणार नाही, आणि घरात मागितल्याशिवाय यज्ञेशरावांच्या डोळ्यांवर ती येणार नाही. तिनं मागायला हवं. त्याच्या समोर, त्याच्या ताटाकडे बघत मागायला हवं. तू आड येऊ नकोस. तुझ्या भाकरीतली तर अजिबात देऊ नकोस, तुला आता दोघांचं बघायचंय.

तू लिहिलंस, तिनं तुझ्या डब्यातले शेंगदाणे घेतले, तो तिला रागावला आणि डब्यांना कुलूप लावलं. कुलपाची किल्ली त्याच्याकडे, आणि आता रोजचं रोज तो मोजून काढून देतो. तुलाही. माझ्या काळात कुलूप नव्हतं. तुझ्या काटकसरीनं त्याला बरंच शिकवलं.

मला दगड म्हण. इथं रोज दोन वेळा पोरांच्या ताटात वरण वाढते. कुणी 'पुरे मावशी' म्हणून ताटावर हात धरतो, तेव्हा पळी माझ्या हातात तशीच राहते. स्वतःला वाढून घेते आणि ताट तसंच बाजूला सारते. सिद्धम्मा ते ताट उचलून गाईला घालते. पण आता मधेच सोडलं तर उजूनं आतापर्यंत काढलेले दिवस वाया जातील, हे तुला समजतंय का? थोडं राहिलं आहे. परीक्षा होऊ दे.

विनीता


लातूर, ४ मे २०२५

मुग्धा,

उजू आली.

गेल्या आठवड्यात यज्ञेशराव स्वतः घेऊन आले. बसस्टँडवरच स्टॅम्प पेपर काढला, मी सही केली. स्टॅम्पचे पैसे माझ्याकडून घेतले. पोरीचे कपडे ज्या पिशवीत आणले होते ती पिशवी रिकामी करून परत मागितली, तेव्हा मी कपडे ओढणीत बांधले. उजूकडे न बघता म्हणाले, 'हिचं खाणं फार आहे, सांगून ठेवतो.' आणि परतीच्या गाडीत बसले. मला तिथंच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पोरीच्या हातात तिच्या नावाचा डबा होता, आत चार डिंकाचे लाडू. तू दिलेस म्हणे. तुझ्या घराच्या मानानं उदारपणाच झाला.

तुझं पत्रही मिळालं. सहावा महिना लागला, रक्त कमी आहे, पाय सुजतात, उजूचा सगळा खर्च वाचला तरी पहिल्या तारखेला आधीपेक्षा कमीच आलं. आता तरी वाढवून मिळेल असं वाटलं होतं, असं म्हणतेस. आणि विचारतेस, ताई, किराणा वाढवून घ्यायला तुम्ही काय करत होतात?

आता सांगायला हरकत नाही. तो शेवटच्या संध्याकाळी डबे बघतो ना, ते उगीच बघत नाही. जे उरलेलं दिसतं ते पुढच्या महिन्यातून वजा करतो. हे मला पहिल्या दिवाळीला कळलं. तेव्हापासून मी दर महिन्याला त्या संध्याकाळच्या आधी डबे रिकामे करायची. उरलेली डाळ, गूळ, तेल, सगळं गुपचूप सरजाबाईला देऊन टाकायची. तो यायचा, रिकामे डबे बघून चरफडायचा, आणि पहिल्या तारखेला तेवढंच सामान घेऊन यायचा. त्या घरात काटकसर करायची असते, पण दिसू द्यायची नसते. त्याच्यावर माझं घर अकरा वर्षं चाललं.

तुला हे पहिल्याच पत्रात लिहिता आलं असतं. पण तेव्हा तू माझी कोण होतीस? माझ्या पातेल्यात वरण शिजवत होतीस, माझ्या गादीवर झोपत होतीस आणि माझ्या पोरीची वेणी घालत होतीस. आता विचारतेस म्हणून सांगते, एकदा कमी झालेलं तिथं वाढत नाही. मी काही करू शकत नाही. बाळंतपणाला माहेरी उमरीला जा, तुझ्या वडिलांना दोन वेळचं जमत असेल तर तिकडेच राहा.

यापुढे पत्राची गरज पडणार नाही. जुनी जाळली आहेस असं धरते.

विनीता


लातूर, २२ जून २०२५

मुग्धा,

लिहिणार नव्हते. लिहावं लागतंय.

उजूची इथली शाळा सुरू झाली. पाचवी. नवीन वह्या घ्यायला निघाले तर म्हणाली, माझ्याकडे आहे. दप्तरातून जुनी वही काढली. सुई-दोऱ्यानं टाचलेली, पाठकोऱ्या कागदांची. मी आधी कौतुकानंच उघडली. एका बाजूला तिचे भागाकार, शेंदरी पेन्सिलीनं. मागच्या बाजूला माझं अक्षर.

कागद तू अर्धे फाडलेस. अर्ध्या कागदावर काय वाचता येणार, असं वाटलं का तुला? 'तिचं दूध बंद कर. मी तिची आई' एवढं एका तुकड्यावर आहे आणि 'सांगते' दुसऱ्यावर. तिनं दोन्ही तुकडे शेजारी शेजारी टाचले आहेत. सरजाबाईला मी नको म्हटलं तेही आहे. त्याच्या मागं तिनं सातचा पाढा लिहिला आहे. तिला अक्षरं मी शिकवली, मुग्धा. ओट्यावर पीठ पसरून, बोटानं. माझं अक्षर तिला लांबूनही ओळखू येतं.

मी जाळ म्हटलं होतं. तू जाळली नाहीस, कारण मीच सांगितलं होतं की कागद टाकायचा नाही. वहीला पैसे मिळत नव्हते आणि ते कोरे दिसले, म्हणून दिलेस का? की मुद्दाम दिलेस? चार रात्री मी हाच विचार करतेय आणि मला ठरवता येत नाही. मुद्दाम दिले असतेस तर मला बरं वाटलं असतं.

मी तिला विचारलं, हे वाचलंस? तिनं हो म्हटलं. कधी? तर म्हणे, जेव्हा जेव्हा मिळायचं तेव्हा. मग शेंगदाणे घेतलेस तेव्हा? तेव्हाही वाचलं होतं. ते लाडू तुला माहेरून आले होते आणि सगळे तिला बांधून दिलेस, हेही तिनंच सांगितलं. मी ते चारही तिच्यासाठी ठेवले होते. तिनं एकही खाल्ला नाही. एक सिद्धम्माला दिला, बाकीचे मुंग्यांनी खाल्ले.

ती रडत नाही, भांडत नाही. रडली असती तर जवळ घेतलं असतं. ताटात वाढलं की आधी माझं ताट बघते, मग माझ्यापेक्षा कमी होईल एवढं परत ठेवते. मी दूध दिलं की अर्धं पिते आणि अर्धं झाकून ठेवते. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणते, उरलेलं दिसायला पाहिजे ना. सिद्धम्मा तिला मांडीवर घेऊन कानडीत 'ऊटा माडु कूसा' म्हणते, जेव बाळा म्हणते, तेव्हा तिच्या हातचे दोन घास खाते. माझ्या हातचा नाही.

काल मी गरम भाकरी तिच्या ताटात टाकली, वर तूप घातलं आणि म्हटलं, उजू, इथं कुणी मोजत नाही. पोटभर खा. तिनं भाकरीचे दोन तुकडे केले, एक बाजूला सारला आणि अगदी साधेपणानं, घड्याळ विचारावं तसं विचारलं, 'आई, मी इथं जड झाले की मला कुठं पाठवशील?'

मी बाजूला सारलेला तुकडा उचलून परत तिच्या ताटात ठेवला.

म्हणून तुला लिहितेय. तू तिला एक पत्र पाठव. तुझ्या हातानं लिही की ती पत्रं खोटी होती, माझं अक्षर तूच गिरवलंस, दूध तूच बंद केलंस, सरजाबाईला तूच नको म्हणालीस. तुझं ती ऐकेल. तुझ्याकडे बघूनच ती माझ्याकडे आली होती ना. तू वाईट ठरलीस तर तुझं काय जातं? तुला ती पुन्हा दिसणार नाही. मला रोज तिच्या समोर जेवायला बसायचंय.

फुकट सांगत नाही. सातवा महिना उलटत आला असेल, रक्त अजून कमीच असेल. तू पत्र पाठव, मी दर महिन्याला तुझ्यासाठी तूप, शेंगदाणे, खारीक पाठवत जाईन. बाळंत होईपर्यंत, हवं तर नंतरही. या महिन्याचं सरजाबाईच्या नावानं एसटीच्या पार्सलमध्ये घातलं आहे, ती मेथीच्या जुड्यांखालून आणून देईल.

महिनाअखेरच्या आत सगळं खाऊन टाक. डब्यात काही उरवू नकोस, तो बघेल.

विनीता